कागदी पेशंट

३ जून, सोमवार

आले बाई एकदाची! सतरा वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली राबल्यावर आज दारावर माझी स्वतःची पाटी लागली. सहयोगी प्राध्यापक, विषविज्ञान आणि तातडीची वैद्यकसेवा. रंग ओला होता. राहवेना म्हणून बोट लावून बघितलं आणि मग दिवसभर काळं बोट घेऊन सगळ्यांशी ओळखी करून घेत फिरले.

क्वार्टर तिसऱ्या मजल्यावर आहे. दोन खोल्या, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून थेट ॲम्ब्युलन्सचं फाटक दिसतं. नळाला पाणी आहे, कपाटांच्या कड्या लागतात. हॉस्पिटलच्या घराकडून याहून जास्त अपेक्षा मी ठेवत नाही. नवरा आणि आमची लेक माऊ तिकडेच राहणार. ती कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे, सुट्टीत येईल. फोनवर म्हणाली, आई, आता नव्या शेजाऱ्यांच्या साखरेत विष शोधत बसू नकोस. कार्टी अगदी माझ्याच वळणावर गेली आहे.

मोठे सर मला घ्यायला फाटकापर्यंत आले होते. एकतीस वर्षं ते इथे विभागप्रमुख होते. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी रोज नऊच्या ठोक्याला हजर. माझं पुस्तकांचं खोकं त्यांनीच उचललं. मी नको नको म्हणतेय आणि हे आपले जिना चढताहेत. ज्यांच्या पुस्तकावर मी शिकले, त्यांच्या शेजारच्या खोलीत आजपासून बसणार. फार बरं वाटलं.

६ जून, गुरुवार

तातडीच्या कक्षातला पहिला खरा दिवस. सकाळी फरशी पुसायचं औषध प्यायलेलं तीन वर्षांचं पोर आलं, दुपारी झोपेच्या गोळ्यांची अख्खी बाटली रिकामी केलेला एक शिक्षक. दोघंही वाचले. इथल्या सिस्टर भलत्याच तरबेज आहेत, मी तोंड उघडायच्या आत सलाईनची सुई लागलेली असते. पोराच्या आईने माझे दोन्ही हात धरले ते सोडेचना. या एका गोष्टीसाठी हे सगळं करावंसं वाटतं.

विषावरचे उतारे ज्या कपाटात असतात, त्याची किल्ली लॅबच्या ताईंनी माझ्या ताब्यात दिली. कपाट एक, किल्ली एक, आणि ती माझ्या जागेवरच्या माणसाकडेच राहणार, अशी इथली पद्धत. ताई सव्वीस वर्षं या लॅबमध्ये आहेत आणि बोलतात मोजूनमापून. माझ्या आधीच्या मॅडम का सोडून गेल्या, असं विचारलं, तर तब्येत बरी नव्हती एवढं म्हणाल्या आणि स्वच्छ असलेल्या काचनळ्या पुन्हा पुसायला लागल्या.

१० जून, सोमवार

या विभागाचं एक जगावेगळं खूळ आज कळलं. त्याचं नाव कागदी पेशंट. दरवर्षी मोठे सर एक पेशंट लिहून काढतात. आठ पानं, आठ पाकिटं, सगळी सीलबंद करून मे महिन्यातच परीक्षा विभागात जमा. दर सोमवारी एक पाकीट फुटतं आणि पान फलकावर लागतं. विद्यार्थ्यांनी शुक्रवारपर्यंत लिहून द्यायचं, की या पेशंटला काय विचाराल, काय तपासाल, काय द्याल. शेवटी विष ओळखायचं. उत्तर असतं नवव्या पाकिटात, आणि ते फक्त परीक्षकाला मिळतं. परीक्षक म्हणजे माझ्या जागेवरचा माणूस. आठ आठवडे मलाही उत्तर ठाऊक नसणार, म्हणजे मीही त्या पोरांच्याच बाकावर.

पहिलं पान लागलं. बाई, वय चव्वेचाळीस, शिकवण्याची नोकरी, नव्या गावात एकटी राहायला आलेली. तक्रार थकव्याची. झोपून उठलं तरी अंग जड. मी हसून म्हटलं, सर, तुम्ही माझंच चित्र काढलंत की! तेही हसले. म्हणाले, मनाने रचलेला पेशंट कोणालाच काही शिकवत नाही, पानामागे खरा माणूस असावा लागतो. एवढं बोलून स्वतःच्या हाताने मला चहा ओतून दिला.

घरी आल्यावर पाय वर करून तासभर पडले. सामान लावण्याचा शीण, दुसरं काय!

१८ जून, मंगळवार

कालच्या पानावर बाईला बद्धकोष्ठ, भूक नाही, तोंड बेचव. आज बघते तर माझंही पोट ठप्प. माऊला सांगितलं तर ती खिदळली. वैद्यकीच्या पहिल्या वर्षाला असताना मला एका महिन्यात सहा रोग झाले होते, ही गोष्ट मीच तिला शंभरदा ऐकवली आहे. जे शिकतो ते अंगात शिरल्यासारखं वाटतं, डॉक्टरकी शिकणारा प्रत्येक जण यातून जातो. पण पंचवीस वर्षांनी पुन्हा?

हा, एक गंमत. त्या आठ पाकिटांवर सील १४ मेचं आहे. परीक्षा विभागातल्या काकांना सहज विचारलं. आणि माझी निवड झाली होती २९ एप्रिलला.

२५ जून, मंगळवार

तिसरं पान. तळपाय जळतात, पांघरुणाचा स्पर्शही सोसत नाही. काल संध्याकाळपासून माझे तळपाय जळताहेत. आठ तास उभी होते हे खरं आहे. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

पोट, मग पाय. मी हे वर्गात ओरडून ओरडून शिकवलं आहे. थॅलियम. त्याला ना वास ना चव, चहात घातलं तर कोणाच्या बापाला कळणार नाही.

कोणाला सांगू? जुन्या हॉस्पिटलात एका सुनेची अवस्था बघून मी तिच्या सासूवर बोट ठेवलं होतं. पोलीस आले, पेपरात आलं, आणि सुनेला निघाला मूत्रपिंडाचा आजार. म्हातारी मला हात जोडून म्हणाली होती, बाई, माझी अब्रू परत आणून द्या. तेव्हाच कानाला खडा लावला, की हातात पुरावा असल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. म्हणून आज गुपचूप स्वतःचं रक्त आणि लघवी घेतली आणि दुसऱ्याच नावाने बाहेरगावच्या लॅबला कुरिअर केली.

उत्तरपत्रिका तपासल्या. एका पोरीने लिहिलं आहे, पेशंटला काहीही झालेलं नाही, ती घाबरली आहे, तिच्याशी बोला. शून्य दिलं आणि लाल शाईत लिहिलं, जरा अभ्यास करा.

२७ जून, गुरुवार

रिपोर्टची वाट बघत बसले तर मरेन. तातडीच्या कामात पहिला धडा हाच, आधी उपचार, मग कागद. कपाट उघडलं. थॅलियमवरचा उतारा आहे, निळ्या कॅप्सूल, दोन डबे शिगोशीग भरलेले. तीन वर्षांत कोणाला लागल्याच नव्हत्या. किल्ली माझ्या गळ्यात, तेव्हा यांना कोणी हात लावण्याचा प्रश्नच नाही. आजपासून दिवसातून तीनदा, घड्याळाचा गजर लावून.

विभागातलं खाणंपिणं बंद. सरांनी दिलेला चहा खिडकीतल्या कुंडीत ओतते आणि रिकामा कप परत देते. पाव, उकडलेली अंडी, सोलून खायची फळं आणि सीलबंद पाणी, बस. ताई आज बिस्किटं घेऊन आल्या. म्हटलं, उपास आहे. माझ्याकडे इतका वेळ बघत राहिल्या की मलाच कसंसं झालं.

१ जुलै, सोमवार

चौथं पान. "पेशंटने कामाच्या ठिकाणी खाणंपिणं बंद केलं आहे. कारण ती कोणालाही सांगत नाही."

फलकापुढे उभी राहून तीनदा वाचलं. पोरं शेजारी उभी राहून नोंदी करताहेत, एक जण केळं खातोय. मी तडक परीक्षा विभागात गेले. काकांनी उरलेली चार पाकिटं दाखवली. सील धड, तारीख १४ मे, सही सरांची. कोणी उघडलेली नाहीत, कोणी बदललेली नाहीत. काका गमतीने म्हणाले, मॅडम, फक्त चार उरली, एवढा काय धीर सुटला? मी हसल्यासारखं केलं.

म्हणजे मी काय करणार ते या माणसाने दीड महिना आधी लिहून ठेवलं होतं.

५ जुलै, शुक्रवार

बाहेरच्या लॅबचा रिपोर्ट आला. काहीही सापडलं नाही. रक्त स्वच्छ, लघवी स्वच्छ.

अर्धा तास जीवात जीव आला. नवऱ्याला फोन करून सगळं सांगून टाकलं. तो म्हणाला, पुन्हा सुरू झालं का तुझं? चार दिवस रजा काढून ये. भांडले त्याच्याशी. फोन आपटला.

मग एकदम लक्षात आलं. नळ्या! रक्त मी ज्या नळ्यांत घेतलं, त्या विभागाच्या ट्रेमधल्या होत्या. ताईंच्या हाताखालच्या, ज्या ताई दिवसभर पुसत बसतात. तेव्हा त्या रिपोर्टवर विश्वास ठेवायचा नाही. कॅप्सूल चालूच ठेवायच्या.

कुंडीतलं झाड मात्र सरांचा चहा पिऊन छान फोफावलं आहे. माझ्यापेक्षा तेच टवटवीत दिसतं.

८ जुलै, सोमवार

पाचवं पान. "पेशंटने दुसऱ्या नावाने बाहेर तपासणी केली. रिपोर्ट निर्दोष आला. पेशंटचा त्यावर विश्वास बसत नाही. तुमचा बसेल का?"

वर्गात तिथल्या तिथे विचारलं. चाळीसपैकी अडतीस जण म्हणाले, बसेल.

मूर्ख आहेत सगळे.

१० जुलै, बुधवार

ग्रंथालयात जुने कागदी पेशंट बांधून ठेवलेले आहेत. दुपारी बसले. चार वर्षांपूर्वीचा: पुरुष, अडतीस, डावखुरा, गाण्याची आवड, नव्या नोकरीवर. आठव्या पानावर मृत्यू. तीन वर्षांपूर्वीचा पेशंट म्हणजे बाई, पन्नास, जाड चष्मा, पाळलेलं मांजर. आठव्या पानावर मृत्यू. मधली दोन वर्षं ही जागा रिकामी होती. त्या दोन वर्षांचे खंडच नाहीत.

खाली जिन्याजवळ माझ्या जागेवर आधी काम केलेल्यांचे फोटो लावले आहेत. रोज त्यांच्यासमोरून जाते. आज थांबून बघितलं. एकाने पेन डाव्या हातात धरलं आहे. त्याच्या शेजारी जाड चष्म्याच्या मॅडम.

ताईंना गाठलं, खांदे धरून विचारलं. दोघंही आजारी पडले, इथेच, आपल्याच वॉर्डात, एवढं म्हणाल्या. सरांनी मुलांसारखी सेवा केली त्यांची. मग त्या रडायला लागल्या आणि मी हात सोडले.

गाडीचं तिकीट बघितलं. रविवारचं मिळतंय. पण पुराव्याशिवाय गेले तर पुन्हा तीच वेडी बाई. आणि पुढच्या वर्षी माझ्या जागेवर दुसरं कोणी तरी येणार.

१५ जुलै, सोमवार

आंघोळ करताना केस हातात आले. मूठभर. मग आणखी.

आता कोण म्हणेल भास आहे म्हणून! आरशासमोर उभी राहून मी चक्क म्हटलं, बघा, मी बरोबर होते.

मग खाली बसून रडले.

पान बघायला गेले नाही. मागून एक विद्यार्थी दुसऱ्याला सांगत होता, या वेळी केस गळताहेत रे, आता सोपं आहे.

तीन आठवडे बाहेरचा घास नाही, थेंब नाही. मग येतंय कुठून? हवेतून? साबणातून? दाराच्या मुठीला लावतात का? हातमोजे घालून दार उघडते. कॅप्सूल दुप्पट केल्या.

१८ जुलै, गुरुवार

जिना चढता येत नाही. तळपायाखाली निखारे. पेन पडतं.

किल्ली गळ्यातच आहे. झोपतानाही.

२० जुलै, शनिवार

काल कक्षात कोसळले. माझ्याच कक्षात, माझ्याच खाटेवर. सिस्टरने लघवी तपासायला पाठवली, या वेळी तिच्या स्वतःच्या हाताने, सरकारी लॅबला. आज आला रिपोर्ट. थॅलियम. भरपूर.

नवरा फोनवर रडला. चुकलो म्हणाला, हजारदा म्हणाला. माऊला पाठवतोय, स्वतः रजा मिळाली की येतो. पोलीस येऊन गेले, चहाचे कप नेले, साखर नेली. नेऊ देत. आता सगळ्यांचा विश्वास बसला. सतरा वर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं.

सिस्टरला बजावलं, निळ्या कॅप्सूल चुकवायच्या नाहीत. आपल्याच कपाटातल्या. किल्ली तिला दिली.

२४ जुलै, बुधवार

आवाज बसला. घशातून नुसती हवा.

माऊ आली. माझं डोकं बघून दाराशीच थांबली. मग आली, टक्कल कुरवाळलं, म्हणाली, आई, तू अंड्यासारखी गोड दिसतेस. वेडी पोर.

ताई येऊन गेल्या. माझ्याकडे बघत नव्हत्या. म्हणाल्या, कॅप्सूल पुरतील का अशी काळजी होती, पण सरांनी आणखी भरून दिल्या. कंपनीकडून येणं केव्हाच बंद झालं. चार वर्षं सरच भरतात. तुम्ही यायच्या आधीचे ते दोन डबेही. स्वतःच्या हाताने.

सरांचे उप

नाही. थांब. काय म्हणाल्या त्या?

२७ जुलै, शनिवार

सर आले. खुर्ची ओढून बसले. माऊला म्हणाले, बेटा, जा, दूध पिऊन ये.

खिशातून पाकीट. नववं. परीक्षकाचं. वेळेआधी देतोय, म्हणाले. फोडून माझ्यासमोर धरलं. मला हात उचलता येत नाही.

विष कोणतं — थॅलियम.

कशातून — उताऱ्याच्या कॅप्सूलमधून.

पहिल्या तीन आठवड्यांत पेशंटला काय झालं होतं — काहीही नाही. ती वाचत होती.

विष कोणी दिलं — पेशंटने स्वतः. दिवसातून तीनदा.

ती दुसऱ्या डॉक्टरकडे का गेली नाही — कारण तिला विषातलं सगळं कळत होतं.

वाचून झाल्यावर पान पुन्हा पाकिटात. पाकीट खिशात. कपाळावर हात ठेवला माझ्या. फार हुशार आहेस, म्हणाले. तुझ्या आधीच्या दोघांना त्या कपाटापर्यंत पोचायला याहून जास्त दिवस लागले होते.

बाहेर सिस्टरला सांगत होते. ऐकू आलं. आता ती कॅप्सूल नको म्हणेल. या टप्प्यावर सगळेच म्हणतात. मेंदूवर परिणाम. ऐकायचं नाही.

खरंच म्हणतात. मीच शिकवलंय तिला.

२८ जुलै

डावा हात — उजवा हलत नाही.

सकाळी दातांत धरली, थुंकली. सिस्टर रागावली. दुसरी दिली, दुधातून. नाक धरलं. प्रेमानेच.

माऊला वही दाखवली. वाचता येईना तिला. आई, डॉक्टरांचं अक्षर, म्हणाली. हसली. मग रडली.

मोठं लिहिलं — न को

ती म्हणते, ठाऊक आहे, तू नको म्हणशील. सरांनी सांगितलंय. एकही चुकू देणार नाही मी, शब्द दिलाय त्यांना.

तिला नाही कळत. तिला कसं —

गजर. दोन वाजले.

पाणी. एका हातात पेला, दुसऱ्या तळहातावर —

माऊ विष त्यात

वही खाली ठेव म्हणते. आधी हे घे, मग लिही. डोळे सुजलेत तिचे. कशी गोंजारतेय — मी लहान असताना तू मला असंच द्यायचीस ना, आ कर —

नाही माऊ न